महाराष्ट्रातील नागरी बालविकास कार्यक्रम

महाराष्ट्रातील नागरी बालविकास कार्यक्रम म्हणजे शहरांत आणि नगरपरिषदांच्या गावांत राहणाऱ्या, जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांचे पोषण, आरोग्य, संगोपन व शिक्षण यांसाठी आणि त्यांच्या पालकांच्या साहाय्यासाठी चालवले जाणारे उपक्रम होत. शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, स्वयंसेवी संस्था आणि वस्तीतील रहिवासी हे या कार्यातील प्रमुख घटक आहेत. एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी हा या उपक्रमांचा मुख्य आधार असून तिच्या जोडीला बालवाड्या, पाळणाघरे, गृहभेटी, पालक मेळावे आणि माता गट असे अनेक प्रकार रूढ झाले आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची सुमारे ४५ टक्के लोकसंख्या नागरी होती. मुलाच्या अंगणापर्यंत शिक्षण नेणे ही अंगणवाडीची मूळ कल्पना ग्रामीण भागात साकार झाली. दाट वस्तीच्या शहरात मात्र अंगण नसते आणि कष्टकरी कुटुंबातील आईवडील दिवसा घरी नसतात. त्यामुळे जागा आणि वेळ या दोन अडचणींवर काढलेले उपाय हेच नागरी कार्यक्रमांचे वेगळेपण ठरले आहे.

पूर्वेतिहास

बालशिक्षणाच्या आधुनिक विचाराचा एक उगम शहरातील गरीब वस्तीतच आढळतो. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत पहिले 'बालगृह' सुरू केले. आईवडील कामावर गेल्यानंतर दिवसभर मोकळ्या राहणाऱ्या मुलांसाठी भाड्याच्या इमारतीतीलच एक खोली देण्यात आली होती. मुलांना स्वच्छ करून पाठवणे आणि आठवड्यातून एकदा तरी संचालिकेशी बोलणे ही मातांची जबाबदारी मानली जाई. वस्तीतच जागा, पालकांच्या कामाच्या वेळेशी जुळणारी वेळ आणि पालकांचा सहभाग ही तीनही सूत्रे या पहिल्या प्रयोगात होती.

भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले आणि माँटेसरींच्या पद्धतीला भारतीय रूप दिले. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या त्यांच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तर १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केला. शहरी मध्यमवर्गापुरते मर्यादित राहिलेले बालशिक्षण गरिबांपर्यंत पोहोचावे, या हेतूने त्यांनी १९४५ मध्ये बोर्डी (आता पालघर जिल्हा) येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) या कार्यात त्यांच्यासोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले.

मध्यवर्ती बालवाडीत उपेक्षित वस्त्यांतील मुले येत नाहीत, असे बोर्डी येथे दिसून आले. धाकट्या भावंडांना सांभाळणे, घरातील कामे आणि संकोच ही त्यामागील कारणे होती. तेव्हा शिक्षिकाच साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि मुलांच्या घराजवळील अंगणातच वर्ग भरू लागला. यातून 'अंगणवाडी' ही संकल्पना व संज्ञा रूढ झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कोसबाडला कुरणशाळेचाही प्रयोग झाला. मूल येत नसेल तर त्याच्या अनुपस्थितीचे कारण त्याच्या जगण्यात शोधावे आणि त्यानुसार शाळेने आपली जागा व वेळ बदलावी, हे तत्त्व या प्रयोगांनी प्रस्थापित केले.

एकात्मिक बालविकास सेवा योजना

केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक तत्त्वावर एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. महाराष्ट्रातील आरंभीच्या प्रकल्पांत मुंबईतील धारावी हा नागरी प्रकल्प आणि अमरावती जिल्ह्यातील मेळघाटातील धारणी हा आदिवासी प्रकल्प यांचा समावेश होता. परस्परांहून अत्यंत भिन्न असलेल्या या दोन ठिकाणी एकाच रचनेची योजना लागू करण्यात आली.

राज्यात या योजनेचे एकूण ५५३ प्रकल्प असून त्यांपैकी ३६४ ग्रामीण, ८५ आदिवासी आणि १०४ नागरी आहेत. अंगणवाड्यांची संख्या सुमारे १ लाख १० हजार आहे. ग्रामीण व आदिवासी प्रकल्पांचे कामकाज जिल्हा परिषदेमार्फत, तर नागरी प्रकल्पांचे कामकाज योजनेच्या आयुक्तालयामार्फत चालते. योजनेतून पुढील सहा सेवा दिल्या जातात :

१. पूरक पोषण आहार
२. अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण
३. पोषण व आरोग्य शिक्षण
४. लसीकरण
५. आरोग्य तपासणी
६. संदर्भ सेवा, म्हणजे गरजू बालकास रुग्णालयात पाठवणे

पूरक आहारात सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकास दररोज ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर व स्तनदा मातेस ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरवण्यात आले होते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या आहाराला कायदेशीर हक्काचे स्वरूप दिले. तीन वर्षांखालील बालकांना व मातांना घरपोच आहार दिला जातो. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येऊन ताजा आहार घेतात. तीव्र कुपोषित बालकांसाठी खेड्यांत ग्राम बालविकास केंद्रे व शहरांत नागरी बालविकास केंद्रे चालवली जातात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे ही अशी बालके ओळखण्याची एक सोपी खूण आहे.

बांधकामांवरील पाळणाघरे

शहरातील बांधकामांवर राबणाऱ्या मजूर कुटुंबांना स्थिर पत्ता नसतो. इमारत पूर्ण झाली की कुटुंब दुसऱ्या कामावर जाते. मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत बांधकामाच्या जागेवरच पाळणाघर सुरू केले आणि त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली. तिचे काम पुढे मुंबई व पुणे येथेही सुरू झाले. काम चालू असेपर्यंत पाळणाघर तेथे असते आणि काम संपल्यावर ते दुसऱ्या जागी हलवले जाते. तान्ह्या मुलांना स्तनपान देण्यासाठी मातांना मधूनमधून येता यावे, हा जागेची निवड करताना मुख्य विचार असतो.

१९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्यात ५० हून अधिक स्त्री कामगार असलेल्या ठिकाणी सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोलीची तरतूद करण्यात आली. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्ती कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले आणि मातेला दिवसातून चार वेळा बाळाला भेटण्याची मुभा दिली. घरकामगार, फेरीवाल्या व कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना मात्र एकच एक मालक नसल्यामुळे अशा तरतुदींचा लाभ मिळणे कठीण असते. त्यांच्यासाठी वस्तीतील पाळणाघर हाच पर्याय उरतो. 'मिशन शक्ती' अंतर्गत 'पाळणा' योजनेतून अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय करण्यात आली आहे.

वस्तीतील बालवाड्या व आरोग्यकार्य

माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत 'प्रथम' ही संस्था स्थापन झाली. झोपडपट्टीत स्वतंत्र इमारत उभारणे शक्य नव्हते. म्हणून वस्तीतील शिकलेल्या तरुणींना प्रशिक्षण देऊन, कोणाच्या घरातील खोलीत, देवळात किंवा मंडळाच्या कार्यालयात बालवाडी भरवण्याची पद्धत संस्थेने अवलंबली. शिक्षिका वस्तीतीलच असल्याने पालकांशी तिचा रोजचा संबंध राहतो. न आलेल्या मुलाची चौकशी करणेही तिला सोपे जाते.

मुंबईतील लोकमान्य टिळक रुग्णालयात (शीव) नवजात बालकांच्या तज्ज्ञ असलेल्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. रुग्णालयात बाळ वाचले तरी वस्तीत परतल्यावर त्याची काळजी कोण घेणार, या प्रश्नातून १९९९ मध्ये त्यांनी 'स्नेहा' या संस्थेची स्थापना केली. धारावीसह मुंबईतील वस्त्यांमध्ये ही संस्था माता व बालकांचे आरोग्य, पोषण आणि कौटुंबिक हिंसेस प्रतिबंध या विषयांवर काम करते. मातेची सुरक्षितता हा बालविकासाचाच भाग मानणे, हे या कार्याचे वैशिष्ट्य आहे.

पालकांसाठीचे कार्यक्रम

अंगणवाडीत मूल तीन वर्षांचे झाल्यावर नियमितपणे येऊ लागते. त्यापूर्वीचा काळ ते घरीच असते आणि मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने हाच काळ अत्यंत महत्त्वाचा असतो. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केले आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या आराखड्यात बालसंगोपनाची पाच अंगे सांगितली आहेत : उत्तम आरोग्य, पुरेसे पोषण, प्रतिसादात्मक संगोपन, सुरक्षितता आणि आरंभीच्या वयातील शिक्षणाच्या संधी. बाळाच्या हुंकाराला उत्तर देणे, त्याच्याशी बोलणे, गाणे म्हणणे, लपाछपी खेळणे या साध्या कृती प्रतिसादात्मक संगोपनात मोडतात.

जमैकातील किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. गरीब वस्त्यांतील खुरटलेल्या १२९ बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला भेट देत आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, हे मातेला दाखवत. सुमारे २० वर्षांनी केलेल्या पाहणीत, अशा भेटी मिळालेल्या व्यक्तींची कमाई भेटी न मिळालेल्या व्यक्तींपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळली.

महाराष्ट्रात सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था, युनिसेफ आणि राज्याची एकात्मिक बालविकास सेवा योजना यांच्या सहकार्याने 'आरंभ' हा कार्यक्रम आखण्यात आला. तीन वर्षांखालील बालकांच्या संगोपनाविषयी अंगणवाडी सेविकांना टप्प्याटप्प्याने प्रशिक्षण देणे, गृहभेटी आणि पालक मेळावे हे त्याचे मुख्य भाग आहेत. यवतमाळ व तत्कालीन औरंगाबाद या दोन जिल्ह्यांत तो प्रथम राबवण्यात आला. पालक मेळाव्यात घरगुती वस्तूंपासून बनवलेल्या खेळांची मांडणी केली जाते आणि वडील व आजीआजोबा यांनाही त्यात सहभागी करून घेतले जाते.

इयत्ता पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान राबवण्यात आले. त्यात वस्तीतील मातांचे लहान गट करून मुलांसोबत घरी करावयाच्या कृती त्यांना सुचवल्या जातात. केंद्र शासनाने २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी 'नवचेतना' व तीन ते सहा वयोगटासाठी 'आधारशिला' हे आराखडे प्रसिद्ध केले.

शहररचना आणि बालके

पुणे महानगरपालिकेने बर्नार्ड व्हॅन लिअर फाउंडेशनच्या साहाय्याने 'अर्बन ९५' हा उपक्रम हाती घेतला. तीन वर्षांच्या निरोगी मुलाची सरासरी उंची ९५ सेंटिमीटर असते, त्यावरून हे नाव पडले आहे. एवढ्या उंचीवरून शहर कसे दिसते, याचा विचार पदपथ, उद्याने व दवाखान्यांच्या रचनेत व्हावा, अशी त्यामागील भूमिका आहे. घराला अंगण नसले तरी चालत जाता येईल इतक्या अंतरावर सावली, बाक आणि खेळण्याची सुरक्षित जागा असावी, ही अपेक्षा त्यातून व्यक्त होते.

लहान शहरे

नागरी बालविकासाची चर्चा बहुधा महानगरांपुरती होते. राज्यातील अनेक नागरी अंगणवाड्या मात्र नगरपरिषदांच्या लहान गावांत आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील नेर (नेर परसोपंत) हे अशा गावाचे उदाहरण होय. अमरावती–यवतमाळ मार्गावरील हे तालुक्याचे ठिकाण प्रशासकीय दृष्ट्या शहर असले, तरी त्याचे अर्थकारण कापूस, सोयाबीन व तूर या पिकांभोवती फिरते. पश्चिम विदर्भातील अशा गावांतून अनेक स्त्रिया रोजंदारीने शेतावर जातात. कापूस वेचणीच्या हंगामात आई सकाळीच घर सोडते आणि तान्हे मूल आजीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असते. बोर्डीला दिसलेले अनुपस्थितीचे कारण येथे अद्याप टिकून आहे. मूल सांभाळणारी ही थोरली बहीण स्वतः शाळेच्या वयाची असेल, तर एका पाळणाघराच्या अभावी दोन मुलांचे शिक्षण थांबते.

लहान शहरात मोकळी जागा तुलनेने अधिक मिळते आणि सेविका, परिचारिका व पालक एकमेकांना ओळखतात. दुसरीकडे स्वयंसेवी संस्था व बालरोगतज्ज्ञ यांची उपलब्धता महानगरांच्या मानाने कमी असते. त्यामुळे अशा ठिकाणी अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्यावरच कार्यक्रमाची मुख्य भिस्त राहते.

अडचणी व टीका

शहरांतील पुष्कळ अंगणवाड्या भाड्याच्या लहान खोल्यांत भरतात. तेथे स्वच्छतागृह, पाणी व खेळण्याची जागा अपुरी असते. अंगणवाडी काही तासच चालत असल्याने पूर्णवेळ काम करणाऱ्या मातांची गरज तीतून भागत नाही. स्थलांतरित कुटुंबांची नोंद राहून जाऊ नये, यासाठी २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' ही संगणकीय प्रणाली वापरली जाते. तथापि नोंदींच्या कामात सेविकांचा बराच वेळ जातो, अशी तक्रार केली जाते.

सेविका व मदतनीस यांना शासकीय कर्मचाऱ्यांचा दर्जा नसून त्यांना मानधन दिले जाते. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा (ग्रॅच्युइटी) हक्क असल्याचा निर्णय दिला. मानधनवाढ व इतर मागण्यांसाठी महाराष्ट्रातील सेविकांनी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात प्रदीर्घ संप केला.

तीन वर्षांचे मूल खासगी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घालण्याकडे पालकांचा वाढता कल हाही चिंतेचा विषय मानला जातो. अशा वर्गांत लेखन-पाठांतरावर भर असतो, तर बालशिक्षणतज्ज्ञ या वयात खेळ, गाणी, गोष्टी व मातृभाषेतील संवाद यांना प्राधान्य देतात. अंगणवाडीकडे केवळ 'खाऊ मिळण्याचे ठिकाण' म्हणून पाहिले जात असेल, तर तेथील शिक्षणाचा दर्जा पालकांना प्रत्यक्ष दाखवणे हाच त्यावरील उपाय ठरतो. त्या दृष्टीने पालक मेळावा व माता गट हे अंगणवाडीच्या मुख्य कामाचे आवश्यक अंग आहेत.