फेलूदा आमचा होता!

वाराणसीत दुर्गापूजा तोंडावर आली आहे. घोषालांच्या वाड्यात शशीबाबू देवीची मूर्ती घडवताहेत आणि घरातला लहानगा रुकू शेजारी बसून महिषासुराची गोष्ट ऐकतो आहे. थोड्याच वेळात वाड्यात मगनलाल मेघराज येतो. पैसेवाला, गोडबोल्या, आणि नकार ऐकायची अजिबात सवय नसलेला. घोषालांकडचा पिढीजात छोटा गणपती त्याला हवा आहे. सत्यजित राय यांच्या ‘जय बाबा फेलूनाथ’ या चित्रपटाची ही सुरुवात. खुर्चीत नीट सावरून बसेपर्यंत खलनायक कोण हे प्रेक्षकाला कळून चुकतं. ‘चोर कोण?’ यासाठीच रहस्यकथा हातात धरणाऱ्या वाचकाला हे कसं पटावं?

नाहीच पटलं अनेकांना. लाडक्या बालकथेवर माणसं घेऊन चित्रपट काढला की वाचकांत दोन तट पडतात, हे नेहमीचंच. फेलूदाच्या बाबतीत मात्र एक गंमत होती. मूळ कथा रायांची, पटकथा-दिग्दर्शन रायांचं, संगीत रायांचं, आणि पुस्तकातली चित्रंही रायांनीच काढलेली. ‘लेखकाला समजूनच घेतलं नाही’ हे वाचकांचं ठेवणीतलं अस्त्र इथे चालणारं नव्हतं. तरीही वाद झाला, आणि तो समजून घेण्याजोगा आहे.

प्रदोषचंद्र मित्र ऊर्फ फेलूदा जन्मला १९६५ मध्ये, ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात. हे मासिक रायांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी १९१३ मध्ये सुरू केलं होतं आणि बंद पडल्यावर रायांनी १९६१ मध्ये ते पुन्हा उभं केलं. गोष्टी सांगतो फेलूदाचा चुलतभाऊ तोपशे. पुढे त्यांना येऊन मिळाले जटायू, म्हणजे रहस्यकादंबऱ्या लिहिणारे, भित्रे पण दिलदार लालमोहन गांगुली. १९७१ च्या ‘सोनार केल्ला’ या कादंबरीवर १९७४ मध्ये चित्रपट आला. १९७५ मध्ये काशीची कथा ‘देश’ या बंगाली नियतकालिकाच्या पूजा अंकात छापली गेली आणि १९७९ मध्ये ती पडद्यावर आली. मराठीत अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे ही मंडळी आपल्याकडच्या मुलांनाही भेटली आहेत.

पहिली तक्रार रहस्य फोडल्याची. ‘सोनार केल्ला’त पुस्तकाने शेवटापर्यंत झाकून ठेवलेलं चित्रपटाने आधीच उघड केलं होतं, काशीतही मगनलाल सुरुवातीलाच समोर आणून बसवला. यामागचा रायांचा विचार स्पष्ट होता. ‘गुन्हेगार कोण’ ही कोडी कागदावर रंगतात. पडद्यावर मात्र शेवटी गुप्तहेराला सगळ्यांना समोर बसवून लांबलचक खुलासा करावा लागतो आणि चित्रपट तिथेच बसतो. १९६७ मध्ये व्योमकेश बक्षीवर ‘चिडियाखाना’ काढताना त्यांनी हा अनुभव घेतला होता. म्हणून त्यांनी धक्क्याऐवजी ताण निवडला.

दुसरी तक्रार चेहऱ्यांची. पहिल्या कथेतला फेलूदा २७ वर्षांचा. काशीच्या गल्ल्यांतून तो फिरला तेव्हा सौमित्र चटर्जी चाळिशी ओलांडून गेले होते. सौमित्र म्हणजेच फेलूदा असं मानणारी एक पिढी आहे, आणि आपल्या मनातला सडपातळ, चपळ फेलूदा हा नव्हे म्हणणारेही आहेत. पुढे ‘किस्सा काठमांडू का’ या संदीप राय यांच्या हिंदी मालिकेत शशी कपूर फेलूदा झाले, तेव्हा तर ‘हा कसला फेलूदा, पोट सुटलेला!’ असा सूर लागला. त्यात जटायू होते आपले मोहन आगाशे. मराठी प्रेक्षकाला अभिमान वाटला, बंगाली प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून मात्र संतोष दत्त हलेनात. कसे हलणार? संतोष दत्तांचा जटायू पाहिल्यावर खुद्द रायांनी पुस्तकातल्या जटायूचं चित्र बदललं होतं. नंतरच्या कथांतले लालमोहनबाबू हुबेहूब संतोष दत्तांसारखे दिसतात. पडद्याने पुस्तक पुसून त्यावर आपलं चित्र काढलं, आणि तेही लेखकाच्याच हाताने! १९८८ मध्ये संतोष दत्त गेल्यावर रायांनी पुन्हा फेलूदापट केला नाही.

तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे: हा चित्रपट मुलांचा आहे का? त्याला बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्यात देवीची मूर्ती घडवणाऱ्या निरुपद्रवी शशीबाबूंचा खून होतो. आणि मगनलालच्या घरातला तो प्रसंग! पाहुण्यांपुढे सरबत ठेवलं जातं. ते प्यावं की नाही या विचारानेच लालमोहनबाबूंचा घसा कोरडा पडतो. मग मगनलाल ‘खेळ’ दाखवायचा हुकूम सोडतो. थकलेला, वयस्कर सुरीफेक्या अर्जुन येतो, लालमोहनबाबूंना फळीसमोर उभं केलं जातं आणि एकेक सुरी त्यांच्या अंगाला चाटून फळीत रुतते. फेलूदाला काही करता येत नाही, नुसतं बघावं लागतं. मगनलाल झालेले उत्पल दत्त हे सगळं मजेत हसत पाहतात, आणि ते हसणं सुऱ्यांपेक्षा जास्त भिववतं. काही पालकांना हे मुलांसाठी फार वाटतं. मला वाटतं, मुलांना खोटा धाक लगेच ओळखू येतो. कार्डबोर्डचा राक्षस उभा केला असता तर शेवटी फेलूदाने मगनलालची केलेली परतफेडही कार्डबोर्डचीच झाली असती.

काही आक्षेप नंतरच्या काळातले आहेत आणि ते झटकून टाकता येत नाहीत. फेलूदाच्या जगात बायका जवळजवळ नाहीतच. मगनलालच्या बोलण्याची ढब आणि पेहराव पाहता बंगाली मनातला परका मारवाडी सावकार त्यात डोकावतो, असंही म्हटलं जातं. या दोन्ही गोष्टी पुस्तकातूनच आल्या. चित्रपटाने त्या दुरुस्त केल्या नाहीत.

काशीबद्दल मात्र कुणाचं दुमत असू नये. १९५६ च्या ‘अपराजितो’त रायांनी याच घाटांवर हरिहर कोसळताना दाखवला होता. इथे त्याच पायऱ्यांवर मछलीबाबा नावाचा भोंदू भक्तांना माशांचे खवले वाटतो. पंचगंगा, दुर्गाघाट या बाजूच्या मराठी वस्तीसारखीच बंगाली टोल्याची स्वतःची काशी आहे, आणि चित्रपटातला घोषालांचा वाडा त्याच काशीतला.

आता आपल्याकडे वळू. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर सुसाट सुटणारा किडकिडीत पोरगा. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाला, तेव्हा तो शाळकरी वयाचा तरी दिसत होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या घोटाळ्याचा माग काढतो. चित्रपट चुरचुरीत होता, गिरीश कुलकर्णींचा खलनायक जमला होता, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात भागवतांनाही मानाचा पाट मिळाला होता. नव्या प्रेक्षकांना तो आवडला. जुने वाचक मात्र चुटपुटले. अमेयबद्दल त्यांचं फारसं म्हणणं नव्हतं. त्यांच्या मनाला लागलं ते बनेशचं मोठं होणं.

ही चुटपुट मला रास्त वाटते, आणि ती का रास्त आहे हे काशीच्या चित्रपटाकडे पाहून कळतं. (ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी पुढच्या चार ओळी सोडल्या तरी चालतील.) रायांनी ‘चोर कोण’ हा प्रश्न काढून घेतला, पण ‘गणपती कुठे’ हा प्रश्न ठेवला. त्याचं उत्तर फेलूदाला ठाऊक नाही, मगनलालला नाही, पोलिसांनाही नाही. रुकूने गणपती च्युइंगगमने देवीच्या सिंहाच्या जबड्यात चिकटवलेला असतो आणि ‘आफ्रिकेच्या राजाकडे आहे’ असं कोडं घालून तो नामानिराळा राहतो. फेलूदासारख्या तल्लख माणसालाही पोराच्या डोक्याने विचार केल्याशिवाय ते सुटत नाही. बदल बरेच झाले, पण गोष्टीची किल्ली मुलाच्या मुठीतून कुणी काढून घेतली नाही.

बनेशच्या चित्रपटातही एक चुणचुणीत लहान मुलगा आहे, पण तो सोबतीला. मोठ्यांना जे दिसत नाही ते शाळेतल्या पोराला दिसतं, हा भागवतांच्या गोष्टींचा कणा होता. नायकच मोठ्यांत जमा झाल्यावर तो कणा राहिला नाही. उरली ती चांगली पोलिसी गोष्ट.

पुढेही असे चित्रपट येतील आणि आपण भांडू. भांडावंच, वाचलेल्या पुस्तकावर तेवढा हक्क असतो. पण नाक-डोळे, उंची, वय, बदललेला शेवट यांवर तासन्‌तास घालवण्यात अर्थ नाही. संतोष दत्तांसाठी रायांनी स्वतःची रेघ बदलली, तर आपण आपल्या मनातली थोडी बदलायला काय हरकत आहे? दिग्दर्शकाला जाब विचारायचा तो एकाच गोष्टीचा: गोष्टीतल्या मुलाला तुम्ही काय काम दिलंत? उत्तर समाधानकारक असेल तर बाकीचे अपराध पोटात घालावेत. नसेल तर चेहरे कितीही हुबेहूब जुळोत, पोराला घेऊन सरळ पुस्तकाच्या दुकानात जावं.