इंधन-गाळण, आडवाटेच्या मोटारसायकलींतील

खडकाळ पायवाटा, वाळू, चिखल व ओढेनाले यांतून चालविण्यासाठी बांधलेल्या मोटारसायकलीच्या एंजिनात घन कण, पाणी व इतर अपद्रव्ये पेट्रोलबरोबर जाऊ नयेत, म्हणून पेट्रोल टाकीत भरताना आणि टाकीतून बाहेर पडल्यावर ते गाळण्याची जी व्यवस्था करतात, तीस इंधन-गाळण म्हणतात. हवेतील धूळ अडविणाऱ्या हवा-गाळणीचे कार्य वेगळे असून तिचा विचार येथे केलेला नाही.

सडकेवरील वाहनात जड अपद्रव्ये टाकीच्या तळाशी बसतात व बराच काळ तेथेच राहतात. द्रवात खाली बसणाऱ्या कणाचा वेग स्टोक्स यांच्या नियमानुसार व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो; त्यामुळे १० मायक्रॉनचा (१ मायक्रॉन = ०.००१ मिमी.) कण त्याच पदार्थाच्या १०० मायक्रॉनच्या कणाच्या मानाने शंभरपट सावकाश खाली जातो. आडवाटेवर टाकीतील द्रव सतत घुसळला जातो, गाडी अनेकदा आडवीही पडते, आणि बारीक कणांना तळ गाठण्याची संधीच मिळत नाही. शिवाय ओढा ओलांडताना टाकीच्या झाकणावरील हवेच्या नळीतून पाणी आत शिरू शकते. अपद्रव्यांचे इतर स्रोत म्हणजे पोलादी टाकीतील गंज, अस्वच्छ डबे, झिजलेल्या रबरी नळ्यांचे कण आणि बराच काळ साठविलेल्या पेट्रोलाचे ऑक्सिडीभवन होऊन तयार होणारा डिंकासारखा चिकट पदार्थ. प्लॅस्टिकची टाकी गंजत नाही, परंतु उरलेले धोके तिलाही असतात.

कार्ब्युरेटरमधील मंदगतीच्या जेटचे छिद्र सामान्यतः ०.४ ते ०.५ मिमी. असते, म्हणजे वाळूचा एखादा मध्यम कण ते बुजवू शकतो. असे झाल्यास एंजिन सुरू होण्यास त्रास देते व सावकाश फिरताना बंद पडते. हा दोष लगेच कळतो, म्हणून तो फारसा घातक नाही. मुख्य जेट अंशतः चोंदणे अधिक वाईट. छिद्राचा व्यास एक दशांशाने घटला, तर क्षेत्रफळ सु. १९ टक्क्यांनी घटते. मिश्रणात हवेचे प्रमाण वाढते व ज्वलनकक्षाचे तापमान चढते. दोन धावांच्या, म्हणजे व्यवहारात ज्यांना टू-स्ट्रोक म्हणतात त्या, एंजिनांत वंगणतेल बहुधा पेट्रोलातच मिसळलेले असते. तेथे इंधन कमी पडले की वंगणही कमी पडते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो. वस्तीपासून दूर असलेल्या चालकाच्या दृष्टीने ही केवळ दुरुस्तीची बाब राहत नाही. याउलट फ्लोटच्या झडपेत कचरा अडकल्यास ती पूर्ण बंद होत नाही, पेट्रोल वाहत राहते व एंजिनाच्या तेलात उतरून ते पातळ करते.

पाणी पेट्रोलापेक्षा जड असल्याने तळाशी जमते. पण एथेनॉलमिश्रित पेट्रोलात ते काही मर्यादेपर्यंत विरघळते. १०% एथेनॉल असलेल्या मिश्रणात सामान्य तापमानास ही मर्यादा सु. ०.५% आहे. ती ओलांडल्यास, किंवा तापमान उतरून तीच घटल्यास, पाणी व एथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी जातो, आणि वर राहिलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन अंक कमी होतो. एथेनॉल अधिक असल्यास मर्यादाही वाढते. भारतात २०% एथेनॉल असलेल्या पेट्रोलाची विक्री २०२३ पासून सुरू झाल्यामुळे हा विषय येथील चालकांच्याही जिव्हाळ्याचा झाला आहे. पाणी अडविणारे जाळीदार नरसाळे सुटे पाणी अडविते. विरघळलेले पाणी त्यातून सहज निघून जाते.

जितकी बारीक गाळणी तितके एंजिन सुरक्षित, हा समज सर्वस्वी खरा नाही. कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत पेट्रोल केवळ स्वतःच्या भाराने उतरते, २५ सेंमी. उंचीचा स्तंभ जेमतेम ०.०२ किग्रॅ./सेंमी.² दाब देतो. अशा नळीत दाट कागदी गाळणी बसविल्यास पूर्ण वेगात इंधनच अपुरे पडते, आणि जो दोष टाळावयाचा तोच उद्‌भवतो. येथे बारीक धातूची जाळी योग्य ठरते. इंधन-अंतःक्षेपण पद्धतीत मात्र पंप सु. ३ किग्रॅ./सेंमी.² दाबाने पेट्रोल पाठवितो व अंतःक्षेपकाची छिद्रे फार सूक्ष्म असतात. तेथे कागदी गाळणी अपरिहार्य होते. म्हणून मुख्य गाळण टाकीच्या तोंडाशीच करणे श्रेयस्कर. त्यासाठी नायलॉनच्या घट्ट विणीची पिशवी टाकीच्या तोंडात बसवितात. कचरा तिच्यातच राहतो व ती काढून धुता येते.

मनाली–लेह मार्गावर टांडी येथील पंपापाशी पुढील पंप ३६५ किमी.वर असल्याचा फलक दीर्घकाळ होता. इतक्या अंतरासाठी डब्यातून पेट्रोल नेणे ओघानेच येते, आणि डबा हाच बहुधा कचऱ्याचा उगम असतो. डबा वापरण्यापूर्वी पेट्रोलानेच खळबळून घ्यावा, काही वेळ स्थिर ठेवावा व तळचे थोडे पेट्रोल टाकीत ओतू नये. शंका असल्यास काचेच्या बरणीत नमुना घेऊन पाहावा. गढूळपणा किंवा खालचा वेगळा थर पाण्याचा निदर्शक असतो. पंपावर गाळण-कागदाची चाचणी मागण्याचा ग्राहकास अधिकार आहे, पण तिच्यात शुद्ध पेट्रोलाचा थेंब डाग न ठेवता उडून जातो एवढेच दिसते. म्हणजे ती भेसळ ओळखण्यास उपयोगी, पाण्याविषयी फारसे सांगत नाही.

जुन्या पद्धतीच्या पेट्रोल-कॉकमध्ये राखीव साठ्याची नळी तळाशी उघडते. त्यामुळे वर्षभर सुरळीत चाललेली गाडी रिझर्व्हला लागताच मिसिंग करू लागते, हा अनेकांचा अनुभव. तळचा गाळ तेव्हा प्रथमच ओढला जातो. अधूनमधून मुद्दाम रिझर्व्हवर थोडे पेट्रोल काचपात्रात काढून टाकल्यास हा गाळ साचत नाही. हवेची नळी चोंदल्यासही टाकीत निर्वात निर्माण होऊन हुबेहूब गाळणी तुंबल्याची लक्षणे दिसतात, म्हणून गाळणी उघडण्याआधी झाकण सैल करून पाहावे. गाडी काही महिने उभी ठेवावयाची असल्यास फ्लोटच्या कोठीतील पेट्रोल तळच्या स्क्रूमधून काढून टाकतात. ही कामे एंजिन थंड असताना, उघड्या हवेत व ठिणगीपासून दूर करावी लागतात; काढलेले पेट्रोल जमिनीवर वा ओढ्यात न ओतता बंद डब्यात परत आणतात.