‘निर्विकार’ चेहऱ्यामागे

शिक्षा सुनावली जाते तेव्हा आरोपीच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘निर्विकार’ हा शब्द हमखास येतो. गंमत अशी, की ज्याला आपण निर्विकार म्हणतो, त्यालाच कदाचित विकार असतो.

व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणजे वेड नव्हे. अशा माणसाला भास होत नाहीत. आपण काय करतो आहोत हे त्याला कळते. बिघाड असतो तो स्वभावाच्या घडणीत. २००२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ देशांतील सुमारे २३ हजार कैद्यांच्या पाहण्यांचा आढावा आला. पुरुष कैद्यांपैकी ६५ टक्क्यांत असा एखादा विकार आढळला होता. पण हे सगळे काही थंड नसतात. पुष्कळांच्या भावना उलट उतू जातात. एक टोमणा लागला की हात उगारलाच, मग रात्रभर रडणे. खरे थंड थोडेच. त्यांना ‘सायकोपॅथ’ म्हणतात.

कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी १९६५ च्या सुमारास तुरुंगातल्या माणसांवर एक प्रयोग केला. आकडे एकेक करून समोर येणार आणि आठाच्या आकड्याला विजेचा हलका झटका बसणार. आठ जवळ येऊ लागले की तुमच्या-आमच्या तळहाताला घाम सुटेल. या मंडळींचे तळहात बरेचसे कोरडेच राहिले.

मला अधिक अस्वस्थ करतो तो १९९१ चा प्रयोग, कारण तो शब्दांचा आहे. पडद्यावर अक्षरे उमटतात. हा खरा शब्द की निरर्थक जुळणी, एवढेच सांगायचे. भावनेने भारलेला शब्द साधा माणूस चटकन ओळखतो. सायकोपॅथ कैद्यांना मात्र असा शब्द आणि एखादा कोरडा शब्द ओळखायला सारखाच वेळ लागला. अर्थ ठाऊक, पण शब्दाची ऊब नाही! कवितेचा धंदा करणाऱ्याने याहून भयंकर काय ऐकावे?

तर मग हा दगडच का? तसेही म्हणवत नाही. २०१३ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा १८ गुन्हेगारांना एका हाताने दुसऱ्याला दुखावल्याची दृश्ये दाखवून मेंदूची हालचाल टिपली. नुसते पाहताना ती इतरांपेक्षा कमी होती. ‘त्याला काय वाटत असेल ते अनुभवून पाहा,’ असे सांगताच फरक बराच कमी झाला. म्हणजे दिवा आहे; बटण आपोआप दाबले जात नाही.

याला दुसरी बाजूही आहे. ज्याला बटण दाबता येते, त्याला पश्चात्तापाचे सोंगही आणता येईल. म्हणून अश्रूंवरून किंवा ते नसण्यावरून माणूस तोलणे धोक्याचे. फाशीच्या खटल्यांत तर फारच. २०२२ साली मध्य प्रदेशातील एका खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी शिक्षा ठरवण्यापूर्वी आरोपीच्या मानसिक तपासणीचा अहवाल न्यायालयासमोर आला पाहिजे. तो करायला जाणता माणूस हवा, आणि त्याला कैद्याजवळ बसायला वेळ हवा.