इंचॉन: भरतीच्या वेळा साधून फिरवलेलं युद्ध
समुद्रातून उतरलेली फौज युद्ध फिरवते ती मुख्यतः शत्रूच्या पाठीमागे जाऊन त्याची रसद तोडून, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा कोरियात सापडतो. ऑगस्ट १९५० पर्यंत उत्तर कोरियाने दक्षिणेच्या व संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला पुसानभोवतीच्या कोपऱ्यात रेटलं होतं. पण उत्तरेच्या रसदीचे मुख्य रस्ते आणि रेल्वेमार्ग सोलमधून जात, आणि सोलपासून इंचॉन बंदर जेमतेम ३० किलोमीटर. बंदर मात्र भयंकर! भरती-ओहोटीत सुमारे ९ मीटरचा फरक, पाणी ओसरलं की नुसता चिखल. म्हणून १५ सप्टेंबरला समुद्रातून आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेने सकाळच्या भरतीत फक्त बंदरालगतचं वोल्मी बेट घेतलं. मुख्य फौज संध्याकाळच्या भरतीत आली आणि काही तुकड्या चक्क शिड्या लावून बंदराच्या भिंती चढल्या. दोन आठवड्यांत सोल परत मिळालं.

पुसानच्या लढाईने आणि विमानहल्ल्यांनी उत्तरेचं सैन्य आधीच थकलं होतं, हा आक्षेप रास्त आहे. तरीही १६ सप्टेंबरला पुसानहून सुरू झालेली चढाई पहिले काही दिवस अडखळतच होती. पाठीमागे धोका उभा राहिल्यावर समोरची फळी कोसळली. पुढे चीन युद्धात उतरला, जानेवारी १९५१ मध्ये सोल पुन्हा गेलं, हेही खरं. पण ते संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याने दोन्ही कोरियांमधल्या ३८ व्या अक्षांशापलीकडे, चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे धावण्याचं फळ होतं. इंचॉनने वाचवलेला दक्षिण कोरिया १९५३ च्या शस्त्रसंधीनंतरही उभा होता.