पावसाळ्याची तयारी थंडीतच

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की माझा फोन खणखणायला लागतो. कधी गिरगावातले छापखान्याचे मालक असतात, कधी लालबागचे मसालेवाले, कधी दादरचे कापडवाले. सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘‘साहेब, गच्चीवर काहीतरी मारून द्या, पाऊस तोंडावर आलाय.’’ गेली पंचवीसेक वर्षं मी दुकानं, गाळे आणि ऑफिसं असलेल्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो आहे. मे महिन्यात घाईनं मारलेलं हे ‘काहीतरी’ बहुतेक वेळा जुलै संपायच्या आत सुटलेलं असतं.

थंड देशांत हिवाळ्याआधी रिकाम्या इमारतींच्या नळांतलं पाणी काढून टाकतात, कारण पाणी गोठलं की फुगतं आणि नळ फोडतं. आपल्याला ती चिंता नाही. आपला सामना पावसाशी. पण त्याच्या तयारीचे दिवस मात्र थंडीचेच. दिवाळीच्या सुमारास भिंतीवरचे ओलीचे डाग ताजे असतात आणि पाणी कुठून शिरलं याची साक्ष तेच देतात. एकदा त्यांच्यावरून रंगाचा हात फिरला, की पुरावा गेला. डिसेंबर ते फेब्रुवारी भिंती वाळलेल्या असतात. मेच्या उन्हात ताज्या कोब्यावर चार-चार वेळा पाणी मारलं नाही तर तो तडकतो, आणि नेमके त्याच वेळी निम्मे गवंडी गावाला गेलेले असतात! त्यात पाऊसही पंचांग पाळत नाही. मुंबईत मोसमी पावसाची नेहमीची तारीख ११ जून. २०२५ साली तो २६ मे रोजीच दाखल झाला. त्या दिवशी वरळीचं आचार्य अत्रे चौक हे भुयारी मेट्रोचं नवंकोरं स्थानक, त्याच महिन्यात सुरू झालेलं, पाण्यात गेलं. काम चालू असलेल्या प्रवेशद्वारापाशी पाणी अडवण्यासाठी बांधलेली भिंत कोसळली होती.

आता वरच्या पाण्याचा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी पडलं. कुलाब्याला पावसाळ्याच्या चार महिन्यांत साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस होतो. म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या गच्चीवर चार लाख लिटर, दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! हे सगळं पाणी उतरतं दोन-तीन पाइपांतून. पाइपाच्या तोंडाशी एक प्लॅस्टिकची पिशवी किंवा कबुतराच्या घरट्याच्या काड्या अडकल्या, की गच्चीचं तळं होतं. दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर दर चौरस मीटरवर शंभर किलो वजन, म्हणजे अख्ख्या गच्चीवर वीस टन. म्हणून जुन्या इमारतीत गळती शोधायला कुणी ‘गच्चीत पाणी भरून ठेवू’ म्हणालं, तर आधी इंजिनिअरला विचारा.

गिरगावातल्या जुन्या इमारतींत कुठे लाकडी तुळया आहेत, कुठे लोखंडी. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान कितीतरी पटींनी वाढतं आणि भोवतीचा चुना, सिमेंट फोडून बाहेर येतं. छताचे पोपडे पडतात ते यामुळे. त्यावर नुसतं प्लॅस्टर चढवणं म्हणजे दुखणं झाकणं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा जाड थर दिला तर आतली ओल आतच कोंडते, हेही लक्षात ठेवा. कठड्याच्या सांध्यात पिंपळ उगवला असेल, तर नुसता वरून छाटून उपयोग नाही. मूळ काढावं लागतं आणि सांधा पुन्हा भरावा लागतो. सांध्याला गवंडी जो गोलसर ‘वाटा’ मारतात, तो शाबूत आहे ना, एवढं पाहिलं तरी अर्धी गळती कळते.

खरा घोळ वेगळाच आहे. गच्ची सगळ्यांची, म्हणून कुणाचीच नाही. मालक म्हणतो, जुन्या भाड्यात माझं भागत नाही. वरचा भाडेकरू म्हणतो, माझ्याकडे गळत नाही. नुकसान होतं खालच्या दुकानदाराचं, ज्याला गच्चीची किल्लीही मिळत नाही. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिकेच्या कायद्याच्या ३५३-ब कलमाखाली संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. तो अहवाल कपाटात न ठेवता भाडेकरूंच्या बैठकीत वाचला, तर निम्मे वाद मिटतील.

परळ-दादरकडे आलात की पाणी खालून येतं. हिंदमाता परिसर बशीसारखा खोलगट. ब्रिटिशकालीन गटारं तासाला पंचवीस मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं बांधलेली, आणि भरतीच्या वेळी समुद्र पाणी घेत नाही. अलीकडे महापालिकेनं प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या सेंट झेवियर मैदानात जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या आहेत. पण त्यांच्या भरवशावर तागे जमिनीवर रचू नयेत.

हिंदमात्याजवळच्या एका कापडवाल्या शेठना मी सांगितलं, ‘‘शेठ, शटरपुढे वाळूच्या गोण्या टाकता, पण पाणी तिथून यायच्या आधी तुमच्या मोरीतून येतं.’’ मोरीच्या पाइपाला उलटं पाणी अडवणारी झडप बसवली, मीटर आणि मेन स्विच माणसाच्या खांद्याएवढे वर घेतले, खालची फळी दोन फुटांवर नेली. खर्च झाला, पण एका तुंबलेल्या दिवसात भिजणाऱ्या मालापेक्षा कमीच. पोटमाळ्यावर झोपणाऱ्या मुलांना मेन स्विच कुठे आहे हे माहीत हवं आणि पाणी आत येण्याआधी तो बंद करायची मुभा हवी. शेठच्या फोनची वाट बघत बसायची ती वेळ नव्हे. पाणी ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय पंप सुरू करू नये. जमिनीखालच्या टाकीत गटाराचं पाणी गेलं असेल तर ती पूर्ण उपसून, घासून, क्लोरिननं धुवावी.

आणि रस्त्यावरचं पाणी उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कुणीही उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई तुंबली, तेव्हा एल्फिन्स्टन रोड परिसरात गुडघाभर पाण्यातून घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. दुकानापुढचं पाणी फारच वाढलं, तर महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाला १९१६ वर फोन करा आणि त्यांची माणसं येईपर्यंत शटर ओढून वर पोटमाळ्यावर बसा.