म्हशी कमी झाल्या, शेळ्या आल्या

खेड, चिपळूण, संगमेश्वर या भागांतल्या घाटउतारावर गवळी धनगरांच्या वाड्या आहेत. तिथल्या बायका दूध, तूप घेऊन पायवाटेने खाली उतरायच्या. आता त्या वाड्यांत म्हशी थोड्या आणि शेळ्या जास्त दिसतात. हे कसं झालं, ते आज आपण समजून घेऊ.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास करून 1982 साली लेख लिहिला. पूर्वी कुणबी खोऱ्यात भात पिकवायचे, धनगर माथ्यावर म्हशी राखायचे. धनगरांचं लोणी-तूप खाली यायचं आणि धान्य वर जायचं. दोघांची कामं वेगळी, म्हणून चाऱ्यावरून भांडणही कमी. पुढे जंगल विरळ झालं. म्हशीला भरपूर हिरवा चारा आणि पाणी लागतं, शेळी मात्र झुडपाच्या पाल्यावरही जगते. त्यातच डोंगरापलीकडे कोयनेचं धरण झालं. 1985 साली कोयना अभयारण्य जाहीर झालं, 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. चराईच्या जागा आणखी आक्रसल्या. घरातला पुरुष मुंबईला गेला आणि गुरांचं सगळं काम बाईवर आलं.

असंच आफ्रिकेतही घडलं. केनियातले संबुरू लोक पिढ्यान्‌पिढ्या गाई पाळणारे. दुष्काळात गाई मरू लागल्या, तेव्हा अनेकांनी उंट घेतले. उंट झाडपाला खातो, पाण्यावाचून बरेच दिवस काढतो आणि कोरड्या दिवसांतही दूध देतो. संशोधक सांगतात, गुराखी अडाणी म्हणून बदलत नाहीत हा समज चुकीचा आहे. चारा, पाणी, माणसं यांचा हिशेब करूनच ते जनावर बदलतात. पण फिरायला जागा हवी. ती गेली की हिशेब कितीही चांगला असला तरी उपयोग नाही.

म्हणून जागेचा कागद महत्त्वाचा. आपल्याकडे बरेच डोंगर खासगी मालकीचे आहेत, तेव्हा आधी सातबारा पाहा. जमीन वनखात्याची असेल, तर 2006 चा वनहक्क कायदा लागू होतो. धनगरांसारख्या इतर पारंपरिक वननिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. जुना कागद नसेल तर वाडीतल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. चराईचा दावा सगळ्या वाडीने मिळून करता येतो. राहत्या किंवा कसत्या जागेचा हक्क नवरा-बायको दोघांच्या नावे मिळतो. एकटी बाई कुटुंबप्रमुख असेल तर तो तिच्या नावे होतो.

दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा असतो. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला आपण जाऊ आणि वाडीवरच्या म्हाताऱ्या आजीलाही सोबत नेऊ. कोणत्या पाणवठ्यावर कोणाची गुरं जायची, हे तिला तोंडपाठ असतं.