नवघरचा वेग वजा

संध्याकाळी नवघर रोडला रिक्षा निम्मा वेळ उभीच असते. तरीही पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे तीच रिक्षा सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगानं पूर्वेला चाललेली असते. अंतराळयानाचा माग काढायचा तर हा वेग आधी हिशेबातून काढावा लागतो.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या ‘होरायझन्स’ या खुल्या सेवेत निरीक्षणाचं ठिकाण म्हणून मी नवघरचे अक्षांश-रेखांश घातले आणि पायोनियर १० हे जुनं अंतराळयान आपल्यापासून किती वेगानं दूर जातंय, ते तासातासाला मागवलं. यान उगवताना आकडा कमी, मावळताना जास्त. सेकंदाला शेकडो मीटरचा फरक, आणि त्यात यानाचा हात जवळपास काहीच नाही! शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं पळते, ते वेगळंच.

हा झाला तयार तक्ता. प्रत्यक्ष अँटेनाच्या हाती येते ती फक्त सिग्नलची वारंवारता; ती किती सरकली यावरून वेग काढायचा. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत असताना नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं त्याचा ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपासचा क्षीण सिग्नल धरला होता. तो पोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. वारंवारता कशी सरकते, यावरून पॅराशूट उघडल्याचं इथं बसून कळलं. नुसतं खोडदचं फिरणंच ही वारंवारता पाच-सहाशे हर्ट्झनं इकडेतिकडे करू शकतं.

गुरुत्वाकर्षणाची परीक्षा याच वजाबाकीवर चालते. सगळं वजा केल्यावर शिल्लक शून्य यायला हवी. १९७२ आणि १९७३ साली सुटलेल्या पायोनियर १० आणि ११ या दोन्ही यानांची ती येईना. वर्षभरात सेकंदाला जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर एवढा वेग जादा घटत होता, जणू सूर्य थोडा जास्तच ओढतोय. नवघरच्या ४४० मीटरांचा हा सोळा हजारावा भाग. १९९८ मध्ये हे जाहीर झालं आणि नव्या सिद्धान्तांना ऊत आला.

मला मात्र थोर वाटतं ते नंतरचं कंटाळवाणं काम. जेपीएलचे स्लाव्हा तुरिशेव्ह आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या, त्यातून यानाच्या कुठल्या भागाचं तापमान किती होतं ते काढलं आणि उष्णता कोणत्या दिशेला किती जाते याचा हिशेब मांडला. प्लुटोनियमवर चालणाऱ्या वीजसंचांची आणि उपकरणांची उष्णता सगळीकडे सारखी बाहेर पडत नव्हती. सूर्याच्या विरुद्ध दिशेला साठेक वॉट जादा गेले, की तेवढा उलटा धक्का बसतो. २०१२ मध्ये प्रकरण मिटलं. न्यूटन आणि आइन्स्टाइन दोघेही निर्दोष सुटले.

आइन्स्टाइनची कडक तपासणी त्याआधी, २००२ मध्ये, शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानानं करून दिली होती. त्याचा सिग्नल सूर्याजवळून गेला तेव्हा वेगवेगळ्या वारंवारता वापरून सौर प्लाझ्माचा गोंधळ वजा केला गेला, आणि सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाचा सिग्नलवर किती परिणाम होईल याचं आइन्स्टाइनचं भाकीत लाखात दोन-तीन भागांच्या आत खरं ठरलं. कॅसिनीवरही प्लुटोनियम होतंच. त्याच्या उष्णतेचा रेटा त्या हिशेबात धरलेला होता.